आजीचं मशीन आणि ‘कोड ९३’: शिवणाऱ्या हातांचा इतिहास कुठे शोधायचा?



गेल्या चार महिन्यांत मी दोन गोष्टी शिकले. पहिली, कुर्त्याची डावी आणि उजवी बाही सारखी नसते. दुसरी, आपल्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य ते असतं, जे लिहिताना आपल्याला अजिबात शंका आलेली नसते.

या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा सेट-नेटच्या तयारीत असतील, काही जण प्रस्ताव लिहीत असतील. एखाद्या रोजच्या गोष्टीतून संशोधनाचा प्रश्न कसा उभा राहतो, याचं हे एक उदाहरण समजा. उदाहरण माझं स्वतःचं आहे, चुकांसकट.

‘कशावरून?’

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालंय. पीएच.डी.चा विषय घरातल्या कामाची मोजणी. पहिला मसुदा लिहिताना प्रस्तावनेत मी एक वाक्य सहज लिहून गेले: ‘परंपरेने स्त्रिया घरातील कपडे घरीच शिवत आल्या आहेत.’ गाईड मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’

मला जरा रागच आला. यात काय सिद्ध करायचंय? माझी आजी शिवायची, तिच्या वयाच्या सगळ्याच बायका शिवायच्या. पंचवटीतल्या आमच्या घरी तिचं पायाचं मशीन आजही आहे. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, खाली लोखंडी जाळीचं स्टँड. इतकी वर्षं त्याच्यावर फक्त वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. त्या ‘कशावरून’नंतर मी तो गठ्ठा उचलला, पट्टा नवा बसवून घेतला, कापड पेठेतून अडीच मीटर सुती कापड आणलं आणि स्वतःचा कुर्ता शिवायला बसले. वाटलं, ज्याच्यावर लिहायचं ते आधी हाताला तरी कळू दे.

पहिला कुर्ता बिघडला. कापड आधी भिजवून घेतलं नव्हतं, त्यामुळे पहिल्याच धुण्यात आटलं. बाह्या अदलाबदल झाल्या, कारण बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात हे मला माहीतच नव्हतं. हात पुढे केला की पाठ ओढली जायची. आजी बघून हसली, म्हणाली, “अगं, हात पुढे जातात ना माणसाचे? मागे जातात का?” भूमितीचा अख्खा धडा एका वाक्यात.

मग मी तिला विचारलं, “तू कोणाकडून शिकलीस?” माझी अपेक्षा होती की ती ‘आईकडून’ म्हणेल. ती म्हणाली, “आईला कुठलं येत होतं मशीन! आई हातानं चोळी शिवायची, गोधड्या शिवायची. बाकीचं सगळं शिंप्याकडे. मी लग्नानंतर शिकले, क्लासला जाऊन.”

म्हणजे माझी ‘परंपरा’ आमच्याच घरात एका पिढीमागे जाऊन थांबली होती.

मशीन येण्याआधी

आता पुस्तकं काढली. पहिली गोष्ट लक्षात आली ती इतकी उघड होती की कधी दिसलीच नव्हती. जुन्या महाराष्ट्रातले नेहमीचे कपडे बरेचसे न शिवलेले होते. नऊवारी लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं: मागावरून उतरलं की नेसायचं, पांघरायचं किंवा गुंडाळायचं. कात्री नाही, सुई नाही. शिवण लागायची ती चोळी, बंडी, अंगरखा, परकर, लहान मुलांची कुंची-टोपडी अशा मोजक्या कपड्यांना.

त्यातलं चोळीचं शिवण बायकांच्या हातात बऱ्यापैकी होतं. चोळीचा खण बघा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा हा खण मुळात एका चोळीपुरताच तुकडा असतो, त्याचे काठ बाहीला येतील असा विचार विणतानाच केलेला. कापड कमीत कमी वाया जाईल अशी कापणी, हातानं घातलेली शिवण आणि पुढे बटणाऐवजी गाठ. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं.

मापं घेऊन, बेतून कपडे शिवणं हा मात्र व्यवसाय होता आणि तो शिंप्यांचा होता. संत नामदेव शिंपी समाजातले, हे आपण शाळेपासून ऐकतो. म्हणजे शिवणकाम हा ओळख देणारा धंदा आपल्याकडे मध्ययुगातही होता. त्या धंद्याचा चेहरा पुरुषाचा होता. घरातल्या बायका त्याला किती हात लावत असतील, हा वेगळा आणि फार महत्त्वाचा प्रश्न. पण दुकान, माप, मजुरी, नाव, सगळं पुरुषाचं.

थोडक्यात, माझ्या त्या एका वाक्यात तीन वेगवेगळी कामं एकत्र कोंबली गेली होती: हातानं केलेली चोळी-गोधडीची शिवण, शिंप्याचं बेतून शिवणं आणि घरातलं मशीनवरचं शिवण. तिन्हींना आपण ‘शिवणकाम’च म्हणतो. शब्द एक असला की इतिहासही एकच असेल असं वाटायला लागतं. ही चूक तुम्हीही कराल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

टोकाला भोक असलेली सुई

मशीनकडे येऊ. हाताची सुई घ्या. तिचं भोक मागच्या टोकाला असतं आणि अख्खा दोरा कापडातून आरपार ओढावा लागतो. यंत्राला हे जमवणं अवघड. मग तोडगा निघाला तो असा, की भोक सुईच्या अणीजवळ न्यायचं आणि दोरे दोन वापरायचे. सुई खाली जाऊन किंचित वर आली की दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. खालचं शटल तो फास पकडतं आणि बॉबिनचा दोरा त्यात अडकवतं. दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत गुंततात. वरच्या दोऱ्याचा ताण कमी पडला की कापडाच्या खालच्या बाजूला जाळं होतं. (माझं झालं. तीनदा.)

अमेरिकेत एलियास हाऊनं अशा टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं १८४६ मध्ये, आयझॅक सिंगरनं सुधारित यंत्राचं १८५१ मध्ये. त्याआधी, १८३० मध्ये, फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्यानं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पॅरिसमध्ये त्या यंत्रांवर लष्करी गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा तिथल्या शिंप्यांनी जमावानं येऊन यंत्रं फोडली. त्यांच्या पोटावर पाय येत होता, आणि ते त्यांना नीट कळलं होतं.

सिंगर कंपनीची खरी कमाल तंत्रज्ञानाइतकीच विक्रीत होती. १८५६ पासून तिनं हप्त्यानं मशीन विकायला सुरुवात केली. एकरकमी पैसे नसलेल्या घरातही मशीन जाऊ लागलं. पाश्चात्त्य देशांत ‘घरी शिवणारी गृहिणी’ अशी जी प्रतिमा आहे, तिच्यामागे हा हप्ता आहे.

दुकानातून घरात

भारतात काय झालं? इतिहासकार डेव्हिड अरनॉल्ड यांनी भारतातल्या शिलाई मशीनवर एक लेख लिहिलाय. त्याच्या शीर्षकातच १८७५ ते १९५२ असा काळ आहे. ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या त्यांच्या २०१३च्या पुस्तकात सायकल, टाइपरायटर आणि भाताच्या गिरणीबरोबर शिलाई मशीनही येतं. रेल्वे-धरणांवर खूप लिहिलं गेलं, पण लहान यंत्रांनी रोजचं जगणं कसं बदललं ते बघा, असं ते सांगतात. एक मुद्दा आपल्या कामाचा: भारतात हे मशीन आधी मोठ्या प्रमाणावर पुरुष शिंप्यांकडे गेलं. घराघरांत ते नंतर आणि सावकाश पोचलं. न शिवलेल्या कपड्यांच्या देशात घरात मशीन हवं कशाला, हा ग्राहकाचा प्रश्न साधाच होता.

मग ते घरात आलं कसं? एक वाट संस्थांची होती. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झालं. तिथे बायकांसाठी शिवणाचे वर्ग होते. विधवा, परित्यक्ता, अर्धवट शिकलेल्या बायका यांना चार पैसे मिळवता यावेत आणि तेही ‘अब्रूनं’, हा विचार. शिवणकाम बायकांचं काम आहे ही समजूत पक्की होण्यात अशा वर्गांचा वाटा असणार, असं मला आता वाटतं. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. प्रस्तावात हा फरक ठेवा.

दुसरी वाट विचारांची. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या एका संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला. यंत्र माणसाचे कष्ट वाचवणारं असावं, त्याचे अवयव निकामी करणारं नसावं, या कसोटीवर त्यांना ते उतरताना दिसलं. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ मशीन बनायला लागली. स्वातंत्र्यानंतर क्लास, शाळेतलं शिवण, आयटीआयचे अभ्यासक्रम, जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण योजनांतून मिळणारी मशीनं असं सगळं येत गेलं.

आता आजीच्या मशीनकडे परत या. जुन्या सिंगर मशीनच्या पाटावर एक क्रमांक ठोकलेला असतो. १९०० पासून त्या क्रमांकाआधी अक्षरं येतात आणि त्यांवरून कारखाना व साल काढता येतं. आमच्या मशीनच्या अक्षरांवरून कारखाना निघाला स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकचा आणि साल आजीच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं. मग मधल्या काळात हे मशीन कुठे होतं? आजीला विचारलं तर म्हणाली, “एका शिंप्याकडून घेतलं की सासऱ्यांनी. त्याच्या पोराला नोकरी लागली, त्यानं दुकान मोडलं.”

म्हणजे अरनॉल्ड जी वाट सांगतात, ती या एका लोखंडी वस्तूनं चालून दाखवली होती. स्कॉटलंडच्या कारखान्यातून नाशिकच्या एका शिंप्याच्या दुकानात आणि तिथून माझ्या आजीच्या खोलीत. एका मशीनवरून सगळ्या मशीनांबद्दल बोलता येत नाही, हे संख्याशास्त्रवाल्यांना सांगायला नको. पण काय विचारायचं, हे एक मशीनही शिकवतं.

कोड ९३

आता माझ्या मूळ विषयाकडे. आजीनं या मशीनवर पाच मुलांचे कपडे शिवले. फ्रॉक, चड्ड्या, परकर, उशांचे अभ्रे. दिवाळीआधी महिनाभर शेजारणींचंही शिवायची, पैसे घेऊन. मी तिला विचारलं, “मग तू काम करायचीस असं म्हणशील ना?” ती म्हणाली, “छे गं, मी कुठं काम केलं? मी घरीच होते.”

हे वाक्य नुसतं आजीचं नाही. आपली सरकारी आकडेवारीही जवळपास हेच म्हणते. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणसाच्या कामाच्या स्थितीला एक कोड मिळतो. कोड ९२ म्हणजे फक्त घरकाम. कोड ९३ म्हणजे घरकाम आणि त्याबरोबर घरच्या वापरासाठी लाकूडफाटा, भाजी, चारा गोळा करणं, शिवणकाम, विणकाम वगैरे. शिवणकामाचं नाव त्या कोडच्या व्याख्येतच आहे. हेच कोड आजच्या पीएलएफएसमध्येही चालू आहेत. आणि ९२ असो की ९३, दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. सरकारला शिवणारी बाई दिसते, तिच्यासाठी रकाना आहे, पण तो ‘काम न करणाऱ्यां’च्या बाजूला आहे.

आणखी एक बारकावा बघा. पैसे घेऊन वर्षात ३० दिवस किंवा जास्त काम केलं, तर ते दुय्यम काम म्हणून मोजता येतं. दिवाळीआधीचा महिना म्हणजे किती दिवस? आजीला हा प्रश्न कोणी विचारला असता तर ती अंदाजानं ‘असतील पंचवीस-तीस’ म्हणाली असती, किंवा ‘छे, ते काय काम’ म्हणाली असती. एका उत्तरानं ती कामकरी, दुसऱ्यानं नाही. शिवलेले फ्रॉक मात्र तेवढेच.

जागतिक पातळीवरच्या व्याख्याही रंजक आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरच्या वापरासाठी बनवलेली वस्तू हे उत्पादन धरतात, घरच्यांना दिलेली सेवा धरत नाहीत. म्हणजे मी नवा कुर्ता शिवला तर ते उत्पादन, फाटलेला कुर्ता सांधला तर घरकाम. मग जुन्या लुगड्यांची गोधडी कशात टाकायची? वस्तू नवी, कापड जुनं, टाके हजारो. (माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या गोधडीवर असणार आहे.) २०१३ मध्ये श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ‘काम’ आणि ‘रोजगार’ या दोन कल्पना वेगळ्या केल्या आणि स्वतःच्या वापरासाठीचं उत्पादन हेही काम आहे असं स्पष्ट म्हटलं. भारतात देशपातळीवरची पहिली वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये झाली. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. वेळ मोजायला लागलं की माणूस ‘काम करतो का’ हे विचारावं लागत नाही, ‘दोन ते चार काय केलं’ एवढंच विचारतात. आजीनं या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असतं.

मग साधनं कुठे शोधायची?

आपल्या नाशिक जिल्ह्याचं कापडातलं नाव मोठं आहे: येवल्याची पैठणी, मालेगावचे यंत्रमाग. विणणाऱ्यांबद्दल वाचायला बरंच मिळेल. शिवणाऱ्यांबद्दल शोधायला लागलात की हाताला फार थोडं लागतं आणि घरी शिवणाऱ्यांबद्दल त्याहून थोडं. तिथे घाबरून विषय सोडू नका. साधनं बदला.

एक, गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १६वा खंड नाशिकचा आहे, १८८३चा. त्यात जातवार नोंदी, पोशाख, व्यवसाय आहेत. पण वाचताना लक्षात ठेवा की ती नोंद राज्यकर्त्यांनी, करदात्यांकडे बघत केलेली आहे.

दोन, जुनी मासिकं आणि त्यांतल्या जाहिराती. १९३० मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. अशा मासिकांत लेखांइतकंच जाहिरातींकडे बघा: मशीन कोणाला विकायचं आहे, चित्रात कोण बसलंय? नाशिककरांनी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करावी.

तीन, वस्तू. मशीनचा क्रमांक तुम्ही पाहिलाच. जुने कपडेही बोलतात. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, म्हणून टाक्यांमध्ये मोकळी जागा दिसते. मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात आणि दोन्ही बाजूंनी सलग रेघ दिसते. आजीच्या ट्रंकेत तिच्या आईची एक चोळी मिळाली. हातशिवणीची, पण एका बाहीची दुरुस्ती मशीनवर केलेली. ती दुरुस्ती कोणी केली हे आजीला आठवत नाही. पण मशीन त्या चोळीपर्यंत पोचलं होतं, एवढं टाका सांगतो.

चार, मुलाखती. ‘तुम्ही काम करत होता का?’ असं विचारू नका. ‘दिवाळीच्या आधी तुमचा दिवस कसा जायचा?’ असं विचारा. शक्य असेल तर कापड हातात देऊन विचारा. स्वतः चार कपडे बिघडवल्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हा, की आता मला मुंढा, टक्स, उरेब पट्टी हे शब्द कळतात आणि समोरच्या आजींना वाटतं की हिला काहीतरी येतंय.

शेवटचं

मॅडमनी गोल केलेलं ते वाक्य आता मसुद्यात नाही. त्याच्या जागी तीन प्रश्न आहेत: नाशिक शहरात मशीनवरचं शिवण दुकानातून घरात कधी आणि कोणामार्फत आलं? ते ‘बायकांचं’ कधी झालं? आणि ते मोजणीतून कसं सुटलं? तीनही प्रश्नांची उत्तरं चुकीची निघू शकतात, म्हणूनच ते प्रश्न आहेत. तुमच्या प्रस्तावातलं असं एक वाक्य शोधा जे खोटं ठरूच शकत नाही असं तुम्हाला वाटतं. बहुतेक तिथेच तुमचा विषय आहे.

दुसरा कुर्ता मी मागच्या रविवारी पूर्ण केला. कापड भिजवून, वाळवून, चारपदरी घडी घालून. छाती ३६, तिचा चौथा भाग ९, सैलपणासाठी १ आणि शिवणीची माया १, असे ११ इंच. (कापड मीटरमध्ये घेतो आणि शरीर इंचांत मोजतो, यावर पुढे कधीतरी.) बाह्यांना आधीच खडूनं ‘डावी’, ‘उजवी’ लिहिलं.

आजीनं कुर्ता हातात घेतला, उलटा केला आणि आतली शिवण बोटानं तपासली. उलटी बाजू बघितल्याशिवाय ती काहीच बोलत नाही. मग म्हणाली, “माया जरा जास्त ठेवली असतीस तर पुढे उसवून वाढवता आला असता. पण चांगलं काम केलंस.”

‘काम’ म्हणाली. मी तारीख घालून वहीत लिहून ठेवलंय.